इंग्रजी आठाचा रोटेशन इंडेक्स शून्य कसा काय?

साखळीची: नमस्कार, मी टीवाय बीएस्सीला आहे, रोज बसनं पणजीला जाते आणि दोन दिवस बसमधे डोक्यात हेच चाललंय. रोटेशन इंडेक्स आणि वाइंडिंग नंबर, दोन्हीत वक्राच्या फेऱ्याच मोजतात ना? वर्तुळाला दोन्ही १ येतात म्हणून मी टेस्टमधे दोन्ही एकच असं लिहिलं नि मार्क गेले. सर म्हणाले इंग्रजी आठाचा (आपला ८ नव्हे, तो बंदच होत नाही) इंडेक्स ०. त्यात तर दोन फेरे दिसतात, मग शून्य कसा? आणि त्याचा वाइंडिंग नंबर किती धरायचा?

तिसवाडी: वाइंडिंग नंबर म्हणजे वक्र एखाद्या बिंदूभोवती किती फेरे मारतो, त्यामुळे तो किती, हे कुठल्या बिंदूभोवती ते सांगितल्याशिवाय विचारताच येत नाही. आठाच्या एका पोटात +१, दुसऱ्यात -१, बाहेर ०. रोटेशन इंडेक्सला बिंदू लागत नाही, तिथे फक्त स्पर्शिकेची दिशा एकूण किती फिरली ते बघायचं आणि ३६० अंशांनी भागायचं. लायसन्सच्या टेस्टला स्कूटरनं आठ काढलास का कधी? एका पोटात हँडल डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे, जेवढी डावीकडे वळलीस तेवढीच उजवीकडे, हिशेब शून्य.

हातानं मोजायचं तर आठ आडवा काढ, वक्र जिथे जिथे बरोब्बर पूर्वेकडे जातोय तिथे खूण कर, तिथे डावीकडे वळत असेल तर +१, उजवीकडे असेल तर -१. दोनच खुणा मिळतील, एक +१ नि एक -१.

मांडवीकाठ: मला हे देवळात समजलं, खरंच. देवाभोवती प्रदक्षिणा म्हणजे वाइंडिंग नंबर आणि आपलं तोंड किती फिरलं तो रोटेशन इंडेक्स. साध्या प्रदक्षिणेत दोन्ही सारखेच येतात (घड्याळाच्या दिशेनं, म्हणून -१), म्हणून तुझा घोळ झाला. आता शंकराच्या देवळातली सोमसूत्री प्रदक्षिणा घे, सोमसूत्र (पिंडीवरचं पाणी बाहेर जाण्याची वाट) ओलांडायचं नाही, तिथपर्यंत जायचं नि मागे फिरायचं. बाहेरच्या कडेनं गेलीस, उजवीकडे वळून आतल्या कडेनं आलीस आणि सुरुवातीला परत उजवीकडेच वळून पहिल्या जागी उभी राहिलीस, तर पिंडीभोवतीचा वाइंडिंग नंबर ०, कारण जेवढं गेलीस तेवढं उलगडलंस. पण रोटेशन इंडेक्स -१! वाट स्वतःला कुठे छेदत नाही, आणि अशा कुठल्याही गुळगुळीत बंद वक्राचा इंडेक्स +१ किंवा -१ च येतो, हे हॉफ या गणितज्ञानं १९३५ मधे सिद्ध केलं. वाट कितीही वेडीवाकडी असू दे.

साखळीची: दादा हे भारी आहे. पण सोमसूत्रापाशी आपण जागच्या जागी वळतो ना, गोल फिरून थोडंच येतो?

मांडवीकाठ: बरोबर पकडलंस, आणि खरी गोम तिथेच आहे. जागच्या जागी वळलीस की वेग शून्य होतो, दिशा एकदम १८० अंश उडी मारते, ती डावीकडून की उजवीकडून हे वक्र सांगतच नाही. म्हणून रोटेशन इंडेक्ससाठी वेग कुठेही शून्य नको ही अट असते. तो इंडेक्स म्हणजे वेगाच्या सदिशाचा शून्यबिंदूभोवतीचा वाइंडिंग नंबरच, आणि सदिश शून्यावरच जाऊन बसला तर कशाभोवती मोजणार?

वक्र हळूहळू ओढून बदलत गेलो तर वाइंडिंग नंबर फक्त वक्र त्या बिंदूवरून गेला तरच बदलतो, रोटेशन इंडेक्स फक्त वेग शून्य झाला तरच. आठाचं एक पोट ओढून वर्तुळ करायला जा, शेवटी दोऱ्याला गाठ आवळल्यासारखं टोक येतंच. व्हिटनी या गणितज्ञानं १९३७ मधे उलट बाजूही दाखवली, इंडेक्स सारखा असेल तर असं टोक न येऊ देता एक वक्र दुसऱ्यात बदलता येतोच.

तिसवाडी: एक भर घालतो, छेद मोजून तपासता येतं. वक्र स्वतःला कापतो तो छेद, आणि सगळे छेद साधे (दोनच वाटा एकमेकींना आरपार कापणारे) असतील तर छेदांची संख्या अधिक १ आणि इंडेक्स, दोन्ही सम किंवा दोन्ही विषम. आठाला एक छेद, इंडेक्स ०. लिमासॉन नावाचा वक्र काढ, म्हणजे मोठ्या फेऱ्याच्या आत छोटा फेरा, त्यालाही एकच छेद, पण इंडेक्स २, कारण दोन्ही फेरे एकाच बाजूला वळतात. आतल्या फेऱ्यात वाइंडिंग नंबर २, दोन फेऱ्यांच्या मधे १. हे दोन्ही वक्र शेजारी शेजारी काढून बघ.

साखळीची: काढले आत्ता वहीत. पूर्वेच्या खुणा लिमासॉनला दोन आल्या, दोन्ही +१.