ज्युसेप्पे दि व्हित्तोरियो: शेतमजूर तुरुंगातून खासदार कसा झाला?

रानवाट: इटलीतल्या पुलियामधल्या चेरिन्योला गावचा हा मजूर (जन्म १८९२). वडील लवकर गेले आणि शाळा सुटली. १९२१ साली लुचेराच्या तुरुंगात असताना तो निवडून आला. कम्युनिस्टांच्या तिकिटावर का? आणि कामापेक्षा मजूरच जास्त असताना संप टिकायचे तरी कसे?

पाणवठा: तिकीट समाजवादी पक्षाचं होतं. कम्युनिस्ट पक्ष जानेवारी १९२१ मध्ये लिव्होर्नोला स्थापन झाला खरा, पण दि व्हित्तोरियो त्यात आले १९२४ साली. त्याआधी ते सिंडिकॅलिस्ट, म्हणजे संसदेपेक्षा संपावर भिस्त ठेवणारे. बारी-फोज्जा मतदारसंघातून निवडून आल्यामुळेच त्यांची सुटका झाली. शाळेची उणीव त्यांनी स्वतःच भरून काढली: न समजलेले शब्द वहीत उतरवून ठेवायचे, पुढे शब्दकोश विकत घेतला.

खळं: दुसरा प्रश्न खरा कळीचा आहे. पहाटे चौकात मजूर जमायचे आणि मुकादम हवी तेवढी माणसं निवडून न्यायचा. तिथे एकाने कमी मजुरी कबूल केली की सगळ्यांचा दर पडायचा, आणि संघटनेत पुढे असणाऱ्याला मुद्दाम वगळलं जायचं. म्हणून नुसती दरवाढ मागून भागत नव्हतं, कामाला कोण लागणार हे ठरवण्याचा हक्क मालकाच्या हातून काढावा लागे. त्यासाठीची मागणी अशी: जमिनीचं क्षेत्र आणि पीक पाहून प्रत्येक मालकावर ठरावीक मजुरांचा कोटा बसवायचा, त्याला गरज वाटो न वाटो. १९४७ च्या अध्यादेशाने या कोट्याला कायद्याचा आधार मिळाला. १९५८ मध्ये घटना न्यायालयाने तो रद्द केला, खाजगी उद्योगाच्या स्वातंत्र्यावर घाला म्हणून. माझ्या मते दक्षिणेतल्या शेतमजुरांचं यापेक्षा मोठं नुकसान त्या दशकात झालं नाही.

याच विचाराची दुसरी बाजू म्हणजे 'उलटा संप'. बेकार माणसं न सांगता रस्ता नाहीतर कालवा खणायला घेत आणि मग मजुरी मागत. पोलीस आले तर गुन्हा काय, तर काम करणं!

पाणवठा: त्यांच्या चुकाही नोंदवायला हव्यात, कारण त्यांनी स्वतः त्या मान्य केल्या. १९५५ मध्ये फियाटच्या कारखाना समितीच्या निवडणुकीत ते प्रमुख असलेल्या सीजीआयएल या कामगार महासंघाच्या धातू कामगार संघटनेचं बहुमत गेलं. मालकांची दडपशाही होतीच, पण तेवढंच सांगून ते थांबले नाहीत. यंत्रं आणि कामाची पद्धत कारखान्यागणिक बदलत होती, आणि संघटना देशभर एकच मागणी रेटत बसली होती, हे त्यांनी उघडपणे कबूल केलं.

खळं: आणि २७ ऑक्टोबर १९५६ चं हंगेरीवरचं निवेदन. कम्युनिस्ट पक्ष सोव्हिएत बाजूने असताना महासंघाने हंगेरीतल्या उठावाविरुद्धच्या सोव्हिएत लष्करी हस्तक्षेपाचा निषेध केला. पक्षाचे नेते तोलियात्ती यांचा दबाव आल्यावर दि व्हित्तोरियोंना सूर मवाळ करावा लागला, पण निवेदन मागे घेतलं गेलं नाही. वर्षभराने, ३ नोव्हेंबर १९५७ रोजी लेक्को इथे ते गेले. कारखान्याच्या दारातही नागरिकाचे हक्क शाबूत राहावेत म्हणून कामगार-हक्कांची सनद त्यांनी १९५२ मध्ये मांडली होती. तिचा कायदा झाला २० मे १९७० रोजी, क्रमांक ३००.