फोनो प्रीअँपचे हीटर डीसीवर घेतले, तरी संध्याकाळी घरघर का येते?

तबकडीवेडा
नमस्कार मंडळी. वडिलांच्या एलपी ऐकायच्या म्हणून दिवाळीपासून फोनो प्रीअँप (सुईतून येणारा बारीक सिग्नल मोठा करणारा) बांधतोय, दोन ईसीसी८३ व्हॉल्व्ह आणि मधे पॅसिव्ह आरआयएए (रेकॉर्डवर दाबलेला खर्ज परत उचलणारं फिल्टर). आधी हीटर, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारा, सरळ ६.३ व्होल्ट एसीवर होते तेव्हा घुंऽऽ असा हम यायचा, तारा घट्ट पिळल्या, कमी झाला पण गेला नाही. मग डीसी केलं. १२ व्होल्ट १ अँपचा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा डायोडचा ब्रिज, ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पुढे व्होल्टेज स्थिर ठेवणारा एलएम३१७ रेग्युलेटर लावून १२.६ व्होल्ट, व्हॉल्व्हच्या पिन ४ आणि ५ ला दिलेत, ९ मोकळी. दुपारी एकदम शांत असतं हो, पण संध्याकाळी सात वाजले की झर्रर्र चालू होतं आणि रात्री अकरानंतर आपोआप जातं. इनपुट शॉर्ट करून बघितलं तरी आहेच. ख्याल सुरू व्हायच्या आधी नुसता तानपुरा वाजत असतो ना, तिथे खाली कुणी दुसरा बेसूर तानपुरा लावून बसलंय असं वाटतं. कपॅसिटर १०००० चा टाकला तर जाईल का?

पिळलेली_तार
माझ्या लाइन स्टेजला (फोनोच्या पुढचा अँप) मी एसीच ठेवलंय, दोन १०० ओहमच्या रेझिस्टरचा मध्य ग्राउंडला, काही त्रास नाही. पण फोनोची गोष्ट वेगळी आहे, सुईच्या कार्ट्रिजमधून येतात जेमतेम ५ मिलिव्होल्ट आणि आरआयएए ५० हर्ट्झला १ किलोहर्ट्झपेक्षा साधारण १७ डीबी जास्त उचलतं, म्हणजे सातपट, १०० हर्ट्झला १३ डीबी. त्यामुळे पहिल्या व्हॉल्व्हला डीसी केलंस ते बरोबरच केलंस, परत एसीकडे जाऊ नकोस.

जुना_रेडिओवाला
दुपारी नाही आणि संध्याकाळी आहे, इथेच उत्तर आहे बघ. घरात संध्याकाळी मेन्स, म्हणजे भिंतीतल्या विजेचा व्होल्टेज, किती असतो तो मोजलास का? २०५ धरून हिशोब करू. तुझा १२ चा ट्रान्सफॉर्मर तेव्हा १०.७ देणार, त्याचं पीक (शिखर) १५.१, ब्रिजमधे १.४ गेले, राहिले १३.७. दोन व्हॉल्व्ह मिळून ३०० मिलिअँप खातात, त्याला ४७०० वर साधारण ०.६ व्होल्टचा रिपल (चढउतार), म्हणजे दर खळग्यात ३१७ च्या तोंडाशी १३.१ उरतात. त्याला १२.६ द्यायचेत आणि स्वतःसाठी दोनेक व्होल्ट लागतात, ते आणणार कुठून? मग तो रेग्युलेटर राहतच नाही, १०० हर्ट्झची करवत जशीच्या तशी हीटरवर जाते. २३० ला हाच हिशोब १५ वर येतो, म्हणून दुपारी कसंबसं निभतं. १०००० टाकून रिपल निम्मा होईल पण व्होल्टेज कुठून वाढणार, उलट चार्जिंगचे झटके जास्त टोकदार होतील. १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घे आणि ३१७ ला चांगला हीटसिंक दे, दोन-तीन वॅट तापेल.

खर्च करायच्या आधी एक कर. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असेल तर ३१७ चं आउटपुट पूर्ण सोडवून हीटर त्या बॅटरीवर लाव, मधे १ अँपचा फ्यूज टाकायचाच. चार्ज होऊन निवांत पडलेली बॅटरी १२.६ च्या आसपासच असते, म्हणजे तुझ्यासाठीच केल्यासारखी. आवाज गेला तर चोर सापडला. आणि हात घालायच्या आधी एचटीचे (व्हॉल्व्हच्या उच्च व्होल्टेज सप्लायचे) कपॅसिटर डिस्चार्ज कर, २५० व्होल्ट गंमत नाही.

तबकडीवेडा
काका, तंतोतंत! काल साडेआठला मेन्स २०४, ३१७ च्या इनपुटला मीटर १३.४ दाखवत होता. बॅटरी लावली आणि झर्रर्र गायब, बॅटरी काढली की परत हजर. आज पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, पसोड्या विठोबाजवळ जाऊन १५ चा ट्रान्सफॉर्मर आणला, आता त्याच वेळी इनपुटला १७ च्या वर मिळतंय. पण व्हॉल्यूम पूर्ण उघडला की अजून एक बारीक किरकिर आहे, बॅटरीवर तीही नव्हती.

पिळलेली_तार
ग्राउंडची तार कुठून घेतलीस, ब्रिजच्या मायनसवरून का? तसं असेल तर चार्जिंगचे झटके त्याच तारेतून जातात. कपॅसिटरच्या मायनस पायावरून घे, ३१७ चा खालचा २ के रेझिस्टरही तिथेच आण. ३१७ च्या अ‍ॅडजस्ट पिनला १० मायक्रोफॅरड नसेल तर तोही टाक, रिपल बराच दबतो, सोबत संरक्षणाला १एन४००७ डायोड विसरू नको.

जुना_रेडिओवाला
आणि हीटरची बाजू अधांतरी ठेवू नकोस. एचटीवरून २२० के आणि ४७ के रेझिस्टरचं डिव्हायडर (व्होल्टेज विभागणारी जोडी) करून साधारण ४४ व्होल्टवर उचलून ठेव, ४७ के वर २२ मायक्रोफॅरड १०० व्होल्ट. हीटर कॅथोडपेक्षा (व्हॉल्व्हमधला इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) वर राहिला की त्यातून कॅथोडकडे होणारी गळती थांबते, ईसीसी८३ ला एवढं सहज चालतं. मात्र मग हीटर सप्लायचा मायनस ग्राउंडला जोडलेला ठेवायचा नाही, नाहीतर डिव्हायडरच शॉर्ट. ३१७ चा टॅब (धातूची पाठ) म्हणजे आउटपुट, तो आता पन्नासच्या वर बसणार, चासीला (धातूच्या पेटीला) लावताना इन्सुलेशनला मायका आणि बुश हवंच.

तबकडीवेडा
ग्राउंड खरंच ब्रिजच्या पायावर होतं, सोय म्हणून तिथेच डाग मारला होता. आधी तेवढंच कपॅसिटरवर हलवलं आणि किरकिर गेली. मग डिव्हायडर घातलं, मायनस ग्राउंडवरून सोडवून त्यावर घेतला, मायका लावला. आत्ता रात्रीचे नऊ, मेन्स २०६, सुई रेकॉर्डवर ठेवलीये आणि तानपुऱ्याच्या जवारीची झणझण पहिल्यांदा मोकळी ऐकू येतेय. आई स्वयंपाकघरातून येऊन बसलीये.