मदत हवी आहे: घाणेरी (लँटाना) काढलेल्या उतारावरची माती कशी धरून ठेवावी?

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. आमच्या आवारामागे सुमारे एक एकराचा मुरमाड उतार असून तो घाणेरी या परदेशी, झपाट्याने पसरणाऱ्या झुडपाने व्यापला आहे. तरीही तिच्या जाळीत कुडा, दिंडा आणि करवंद ही स्थानिक झाडे-झुडपे तग धरून आहेत, म्हणूनच तेथे शोभेची हिरवळ लावण्याचा व्यवस्थापनाचा प्रस्ताव मला पटत नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात विद्यार्थ्यांसह झुडपे कोयत्याने जमिनीलगत तोडली, परंतु जुलैअखेर प्रत्येक खुंटातून पाच-सहा फुटवे आले. यंदा एका कोपऱ्यात दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी विकसित केलेली पद्धत वापरली, म्हणजे मुख्य मूळ मातीखाली काही सेंटिमीटरवर छाटून झुडूप उलटे करून ठेवले. फुटवे आले नाहीत; मात्र पहिल्याच मोठ्या सरीत उघडी माती वाहून खालच्या गटारात गेली.

तणनाशक वापरायचे नाही, कारण उताराच्या पायथ्याशी विहीर आहे. गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) परदेशी झाडेही आहेत, पण महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार ती तोडण्यास परवानगी लागत असल्याने तूर्त त्यांना हात लावणार नाही. उन्हाळी सुट्टीत पाणी घालायला माणूस नसतो (निधीचे तर विचारूच नका).

अशा उतारावर घाणेरी आडव्या पट्ट्यांत, टप्प्याटप्प्याने काढावी का, आणि मोकळ्या झालेल्या पट्टीत पहिल्याच पावसाळ्यात माती धरतील अशी कोणती स्थानिक गवते वा झुडपे, बियांपासून की ठोंबांपासून, आणि नेमकी केव्हा लावावीत?