अनुभव धागा : घरून काम आणि ऑफिसची चॅट

मंडळी, पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या बऱ्याच टीममध्ये आठवड्यातले काही दिवस घरून काम चालतं. स्लॅक किंवा टीम्स हे ऑफिसच्या चॅटचं ॲप सगळ्यांकडे आहे, तरी 'हे ठरलं कधी?' हा प्रश्न सुटत नाही. कोणती पद्धत टिकते, ते कारणासकट लिहा.

टीम लीड, बाणेर

नुसतं 'हाय, आहेस का?' टाकून थांबू नये. समोरचा तासाभराने 'बोल ना' म्हणतो, तोवर विचारणारा मीटिंगमध्ये असतो आणि दोन ओळींच्या कामात अर्धा दिवस जातो. काय अडलंय, काय करून पाहिलं, काय हवंय आणि कधीपर्यंत, हे सगळं पहिल्याच मेसेजमध्ये लिहावं. एररचा नुसता स्क्रीनशॉट नको, मजकूर कॉपी करून टाकावा, म्हणजे पुढे शोधताना सापडतो.

उत्तर त्याच मेसेजच्या थ्रेडमध्ये, म्हणजे त्याखालच्या उत्तरांच्या साखळीत द्यावं. थ्रेडमध्ये निर्णय झाला, तर स्लॅकमध्ये उत्तराच्या खाली चॅनेललाही (टीमच्या सामाईक चॅटला) पाठवायची चौकट असते, तिथे टिक करावी. नाहीतर थ्रेडबाहेरच्यांना पत्ताच लागत नाही. खासगी मेसेजमध्ये ठरलेलं तर चॅनेलवर लिहायलाच हवं, कारण तो माणूस रजेवर गेला की काम अडतं.

सपोर्ट, खराडी

चॅनेलमधल्यांना एकदम हाक मारायचं स्लॅकचं '@हिअर' (@here) फक्त त्या वेळी ॲक्टिव्ह असलेल्यांनाच वाजतं. सकाळी दहाला पुण्यातून टाकलं, तर झोपलेल्या न्यूयॉर्कच्या सहकाऱ्याला सूचना जात नाही. त्याचं नाव घालून लिहा.

घड्याळाकडेही लक्ष हवं. आपली संध्याकाळची 6:30 म्हणजे न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे 9, हिवाळ्यात 8. अमेरिकेची वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलते, युरोपची शेवटच्या. मधल्या दिवसांत तिन्हीकडच्या कॉलचा हमखास गोंधळ होतो. कॅलेंडरमध्ये मीटिंग कोणत्या शहराच्या वेळेला बांधायची ते आधीच ठरवावं.

लहान ऑफिस, कोथरूड

फुकटच्या स्लॅकमध्ये 90 दिवसांपलीकडचे मेसेज दिसत नाहीत. म्हणून निर्णयांचं एक सामाईक डॉक्युमेंट ठेवावं, त्यात तारीख, निर्णय, कारण आणि काम कोणाकडे एवढंच लिहावं. शुक्रवारी पंधरा मिनिटं पुरतात. व्हॉट्सॲपवर मात्र ऑफिसचं काम नकोच. सोसायटीच्या पाण्याच्या टँकरखाली क्लायंटचा मेसेज गाडला जातो, आणि नोकरी सोडलेल्याच्या फोनमध्ये सगळी चॅट तशीच राहते.

मॅनेजर, हिंजवडी

चॅटमध्ये नावाजवळचा 'हजर' दाखवणारा हिरवा ठिपका पाहून माणूस मोजू नका, ही कळकळीची विनंती. टीम्समध्ये संगणक पाच मिनिटं तसाच राहिला की स्टेटस 'अवे' होतं. कागदावर डिझाइन काढणारा तिथे गैरहजरच दिसतो. त्यापेक्षा सकाळी साडेदहापर्यंत तीन ओळी मागाव्यात: काल काय झालं, आज काय, अडलंय कुठे. तिसऱ्या ओळीला त्याच दिवशी उत्तर द्यावं. ते मिळालं नाही, तर लोक ती ओळ लिहिणंच सोडतात.

नेटवर्क सपोर्ट, वारजे

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, तेव्हा लॅपटॉप चालू आणि नेट बंद अशी गत होते. राउटरला मिनी यूपीएस (वीज गेल्यावर चालणारी छोटी बॅटरी) लावा. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, हे बरेच जण विसरतात. घेण्याआधी दोन्ही ॲडॅप्टरवरचे व्होल्ट वाचा. 9 व्होल्टच्या राउटरला 12 व्होल्टची पिन लावली तर तो जळू शकतो. अँपिअरची बेरीजही यूपीएसच्या क्षमतेत बसायला हवी.