मदत हवी आहे: पाम पाच, क्लिप-ऑन मोडेम आणि मडगावची लाईन

म्हापशाला घरच्या थेट लाईनवर माझा पाम पाच (तळहातावर मावणारा छोटा संगणक) मोडेमने बिनतक्रार जोडला जातो. मडगावच्या ऑफिसात मात्र फोन इंटरकॉमच्या एक्स्चेंजमधून जातो. तिथे 'डायल टोन नाही' येत होतं. स्ट्रिंगमधला (मोडेमला सुरुवातीला द्यायच्या आज्ञांच्या ओळीतला) एक्स4 काढून डायल टोनची वाट न पाहणारा एक्स3 टाकला, नंबराआधी बाहेरच्या लाईनसाठी शून्य आणि थोडं थांबायला स्वल्पविराम दिला. आता डायल होतं, पलीकडचा मोडेम किंचाळतो, आणि तेवढ्यात लाईन तुटते.

मोडेममधले ट्रिपल-ए सेल नवे आहेत. एक्स्चेंज अ‍ॅनालॉगच आहे, त्याच सॉकेटवर फॅक्स स्वच्छ जातो, म्हणजे पावसाला बोल लावायची सोय नाही. वेगळी लाईन मिळणार नाही, लॅपटॉप नाही.

पामच्या प्रेफरन्सेसमधला (सेटिंगमधला) स्पीड कमी केला, फरक शून्य. तो स्पीड बहुतेक पाम आणि मोडेममधलाच असावा. लाईनवरचा वेग 14.4 केबीपीएसवर बांधायला स्ट्रिंगमध्ये नेमकं काय लिहायचं?