मदत हवी आहे: गड्डा (सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा), भोगी, बोरन्हाण आणि दोन लहान मुलं

ताई-काकूंनो, सोलापुरातल्या आयांना विचारायचंय. मोठी साडेचार वर्षांची, धाकटा दहा महिन्यांचा. दोघांनाही आठवडाभर सर्दी-खोकला. पहाटे कडाक्याची थंडी आणि दुपारी ऊन, त्यामुळे स्वेटर घालावा की काढावा हेच कळत नाही.

त्यात जानेवारी! १३ तारखेला यात्रेतल्या अक्षता, म्हणजे संमती कट्ट्यावरचा सिद्धेश्वरांचा प्रतीकात्मक लग्नसोहळा, त्याच दिवशी घरी भोगीची भाजी नि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या. दुसऱ्या दिवशी संक्रांत, सासूबाईंच्या हातच्या शेंगापोळ्या. लेकीला नंदीध्वज (मिरवणुकीतल्या मानाच्या उंच काठ्या) बघायचेच आहेत, रोज विचारते. मला तिचं मन मोडायचं नाही, पण तान्ह्याला त्या गर्दीत न्यायला जीव धजत नाही. मिरवणूक सकाळी कुठल्या भागात जरा निवांत दिसते? होम मैदानावरचे पाळणे, धूळ हे सगळं तिला सर्दी उतरल्यावर दाखवावं म्हणतेय. उशिरा गेलं तर गड्डा असतो ना?

आणि खरी काळजी बोरन्हाणाची. धाकट्याचं पहिलंच, काळं झबलं शिवून तयार आहे. पण हल्ली तो हाताला लागेल ते तोंडात घालतो. बोरं, शेंगदाणे, हरभरे, हलवा, सगळंच घशात अडकण्यासारखं. डोक्यावरून काय ओतलंत तुम्ही? नुसत्या फुलांच्या पाकळ्या चालतील का? सासूबाईंना न दुखावता हे कसं सांगू? त्यांनी फार हौसेनं बोरं आणायचं ठरवलंय.

कुणी केलं असेल तर सविस्तर लिहा.