निर्विकार छायाचित्रांकडे पाहायचे तरी कसे?

कृष्णधवल (प्रश्न):
मी मुंबईतील एका कॅमेरा क्लबचा सभासद आहे. तेथे स्पर्धेसाठी छायाचित्र निवडताना तिरपा सोनेरी प्रकाश, चौकटीचे तृतीयांश (विषय मधोमध न ठेवता चौकटीच्या तिसऱ्या भागाच्या रेषेवर ठेवणे) आणि अचूक टिपलेला क्षण यांना महत्त्व असते. अलीकडे ग्रंथालयात बेर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याचे पुस्तक हाती आले. पानोपानी पाण्याच्या टाक्या; प्रत्येक टाकी मधोमध, आकाश पांढरट, माणूस नाही, सावलीसुद्धा नाही. आमच्याकडे असे चित्र पहिल्याच फेरीत बाद होईल. तरीही आजच्या कलाछायाचित्रणाच्या एका मोठ्या प्रवाहाचे मूळ येथे आहे, असे सांगितले जाते. यात नेमके पाहायचे काय?

तिपाई:
आपली अडचण बहुधा एकेक चित्र सुटे पाहिल्यामुळे झाली असावी. बेखरांनी १९५९पासून टाक्या, लोखंड गाळणाऱ्या झोतभट्ट्या आणि खाणींच्या तोंडावरील मनोरे टिपले आणि ती चित्रे ओळींत, जाळीसारखी मांडली. एकाच जातीच्या नऊ किंवा पंधरा टाक्या शेजारी आल्या की डोळा आपोआप तुलना करू लागतो: हिचे पाय बारीक, तिची टोपी घुमटासारखी, पलीकडची जणू हौसेने नटलेली. ही तुलना खरी ठरायची तर दिसणारा फरक टाकीचा असला पाहिजे, उन्हाचा नव्हे. म्हणूनच ढगाळ आकाशाची वाट पाहणे, मोठ्या फिल्मचा कॅमेरा आणि शक्य तेवढे समोरून पाहणे हा आग्रह. सोनेरी प्रकाशात आपल्याला टाकी नव्हे, संध्याकाळ दिसली असती. शिवाय कोळसा आणि पोलाद यांचे उद्योग बंद पडत असल्याने यांपैकी अनेक बांधकामे पुढे पाडली गेली. १९९०च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, त्यांना पारितोषिक मिळाले ते शिल्पकलेसाठी, हेही गमतीचे आहे.

निगेटिव्ह:
वरील विवेचन मान्य आहे, पण ते गुरूंपाशीच थांबते. बेर्न्ड बेखर १९७६पासून ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत शिकवू लागले आणि त्यांच्या वर्गातून थॉमस स्ट्रुथ, कांडिडा ह्योफर, थॉमस रुफ, आंद्रेआस गुर्स्की बाहेर पडले. या शिष्यांनी रंग आणला आणि भिंत व्यापणारा आकार आणला. रुफने पारपत्रावरच्यासारखे कोरे चेहरे माणसाच्या उंचीहून मोठे छापले. त्वचेचे प्रत्येक छिद्र दिसते, माणूस मात्र हाती लागत नाही. गुर्स्कीचे ‘ऱ्हाइन २’ (१९९९) म्हणजे हिरवे गवत, राखाडी नदी आणि राखाडी आकाश यांचे आडवे पट्टे. २०११मध्ये ते सुमारे ४३ लाख डॉलरना विकले गेले. त्यातील पलीकडच्या काठावरची कारखान्याची इमारत आणि येणारीजाणारी माणसे संगणकावर पुसलेली आहेत. म्हणजे गुरूंनी जी अलिप्तता वस्तू जशी आहे तशी दाखवण्यासाठी वापरली, तीच अलिप्तता शिष्याने कधी अस्तित्वात नसलेल्या नदीला दिली, आणि पाहणाऱ्याने ती निमूटपणे खरी मानली. माझ्या मते या प्रवाहातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे, किंमत नव्हे. त्यानंतर आलेले बरेचसे अनुकरण, रिकाम्या वाहनतळांची भव्य चित्रे वगैरे, मला मात्र कंटाळवाणेच वाटते.

कृष्णधवल:
दोघांचेही आभार. गेल्या रविवारी आभाळ भरून आलेले असताना लालबाग-परळ भागातील गिरण्यांच्या उरलेल्या चिमण्यांवर हा प्रयोग करून पाहिला. पावसाळ्यात बेखरांना हवे होते तसले आकाश येथे फुकट मिळते, हे खरे. पण चिमणी पायापासून टोकापर्यंत सरळ येईल इतके मागे सरकायला जागा कुठेच मिळाली नाही. चारपैकी तीन ठिकाणी पाठीमागचा टोलेजंग मनोरा चौकटीत आला. तो टाळण्याऐवजी चारही चित्रांत सारख्याच जागी ठेवता येईल का, हे आता पुढच्या ढगाळ रविवारी पाहणार आहे.